पाटी धरणारा हात

नागनाथचं तोंड एकाही फोटोत नाही. हात मात्र शेकडो फोटोंत आहे. उजवा हात, बाही कोपराच्या वर सरकवलेली, पंजात एक पाटी. पाटीवर लाल अक्षरांत दुकानाचं नाव, खाली कतारगाम, सुरत, आणि छगनभाईचा मोबाइल नंबर. पाटीमागे कुणाच्या तरी जुन्या गाडीची नंबर प्लेट.

छगनभाई जुन्या गाड्या घेतो आणि विकतो. रस्त्याला लागून पत्र्याची शेड, शेडपुढे ओळीनं उभ्या गाड्या, एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या. नागनाथ तिथं गाड्या धुतो. सीटच्या फटीतून शेंगदाण्याची टरफलं, केसांच्या पिना, देवाचा प्रसाद असं काहीबाही काढतो. माणसं गाडी विकतात तेव्हा स्वतःचं असं बरंच काही आत विसरतात. मग छगनभाई मोबाइल घेऊन गाडीसमोर उभा राहतो, आणि नागनाथ बंपरच्या कडेला उकिडवा बसून हात लांब करतो. पाटी चुंबकानं लावून पाहिली होती. बंपर प्लास्टिकचे, चुंबक धरेना. चिकटपट्टीनं एका गाडीचा रंग सोलला. तेव्हापासून हात.

हात धुण्याच्या पाण्यानं ओला असतो, म्हणून बाही वर. एवढंच कारण.

एकदा एक हिऱ्याचा कारागीर गाडी बघायला आला होता. मोबाइलवरचे फोटो पुढंमागं सरकवत म्हणाला, “छगनभाई, नंबर क्यूं ढकते हो? चोरी की है क्या?”

“चोरी की होती तो तेरे को दिखाता? तेरे ससुर को बेचता.”

“नहीं, लेकिन सच में. रस्ते पे तो घूमती थी ना गाडी? सारे गांव ने नंबर देखा है. फिर फोटो में ढक के क्या मिला?”

छगनभाईनं त्याला समजावलं, तसं तो सगळ्यांना समजावत असे. गाडी विकायला निघाली हे ज्याची आहे त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायला नको; घराला घसरण लागली अशी बोलवा होते. दुसरं, कुणी उचलतो तोच नंबर, लावतो आपल्या गाडीला, आणि दंडाची चिठ्ठी येते भलत्याच्या घरी. कारागिराला हे पटलं नाही. तेव्हा छगनभाई म्हणाला, “देख, रस्ते पे आदमी देखता है, भूल जाता है. फोटो नहीं भूलता.”

नागनाथ चाक पुसत होता. त्याला एका कानानं कमी ऐकू येतं, पण हे ऐकू आलं. त्यानं घरी जाऊन हे वाक्य रंभाबाईला, त्याच्या बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, “शेठ शहाणा हाय.”

त्या घरात हे वाक्य शहाणपणाचं का वाटलं, ते समजायला नागनाथ कुठून आला ते पाहावं लागेल.

तो वसमतकडचा. त्याच्या जन्माआधीच घर बौद्ध झालेलं होतं, पण आजीनं औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलून ठेवलेला होता. देव गेले, नाव राहिलं. त्याच आजीनं जत्रेत गोंदणारणीपुढं त्याला बसवलं आणि उजव्या हाताच्या आतल्या बाजूला फणा काढलेला नाग गोंदवून घेतला. नागाखाली नाव. गर्दीत पोर हरवलं तर सापडावं म्हणून. त्या वेळी तो हिरवा नाग मनगटापासून अर्ध्या हातापर्यंत होता. हात वाढला तसा नाग ताणला गेला, फणा रुंद झाला, अक्षरं विरळ झाली. पण पुसलं काही नाही. गोंदण माणसासोबत जळतं.

मिसरूड फुटायच्या आत तो गावातल्या एका मोठ्या घरी सालानं राहिला. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, आणि उरल्या वेळात मालकाचं पोर सांभाळायचं. पोराचं नाव बळीराम. पोर रडलं की ह्याच हातावर बसायचं. नागाच्या शेपटीपासून फण्यापर्यंत बोट फिरवायचं आणि निजायचं. घरात पाणी वरून ओतून प्यायला मिळायचं नागनाथला, पण पोर मात्र दिवसभर त्याच्या अंगावर. त्यात कुणाला विसंगती दिसत नव्हती. नागनाथलाही तेव्हा दिसली नाही.

पुढं तो सुरतेला आला. बमरोलीत कापडाच्या मागावर लागला. लग्न झालं, धम्मरत्न झाला. मागाच्या खडखडाटात एक कान गेला. पोरगा शिकावा म्हणून त्याला गावाकडं नागनाथच्या भावाकडं, किसनकडं, ठेवला. वसमतला आयटीआय केलं पोरानं. आणि तिथंच त्यानं शीतलशी लग्न ठरवलं. शीतल बळीरामची धाकटी बहीण. नागनाथनं गाव सोडल्यावर जन्मलेली. तिला त्या हातावर कुणी निजवलेलं नव्हतं.

दोघांनी कोर्टात लग्न केलं आणि सुरतेची गाडी धरली. बळीराम आणि त्याचे चुलतभाऊ पाठोपाठ बमरोलीच्या चाळीत आले. खोलीला कुलूप होतं. त्यांनी कुलूप तोडलं. आत काही मोडलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. भिंतीवरची बुद्धाची तसबीर काढून त्यांनी बाहेर चाळीच्या वाटेवर पालथी ठेवली, तिच्यावरून चालत गेले आणि निघून गेले. शेजाऱ्यांनी हे सांगितलं तेव्हा धम्मरत्न म्हणाला होता, “मारामारी केली असती तर बरं झालं असतं. निदान राग संपला असता.”

त्यानंतर कोसाडच्या वसाहतीत घर. मागाचं काम सुटलं. गावाशी फोन बंद. किसन वारला तेव्हाही नागनाथ गेला नाही. बातमी उडत उडत कुणाकडून तरी आली. तो संडासात जाऊन नळ सोडून बसला आणि बाहेर येऊन जेवला.

धम्मरत्ननं छगनभाईकडून एक जुनी व्हॅन घेतली. सकाळी पोरांना शाळेत सोडायचं, मग साडीवर टिकल्या लावणाऱ्या बायकांना कारखान्यात. त्या ओळखीनं बापालाही छगनभाईकडं काम लागलं. वसाहतीतल्या बाकीच्या गाड्यांवर मागच्या काचेवर पोरांची नावं असतात, गावाचं नाव असतं, आईचा आशीर्वाद असतो. धम्मरत्नच्या व्हॅनवर काही नव्हतं. पांढरी, कोरी, नुसता नंबर. मुलगी झाली, तिचं नाव साक्षी ठेवलं, तेव्हा रंगवणारा स्वतःहून म्हणाला, भाऊ, पोरीचं नाव टाकून देतो, पैसे नको. धम्मरत्न नको म्हणाला. रंगवणाऱ्याला वाटलं, पोरगी झाली म्हणून ह्याचं तोंड पडलंय.

घराचा नियम एकच होता. कुणाचा फोटो मोबाइलवरून बाहेर जायचा नाही. माणसाचा नाही, दाराचा नाही, गाडीच्या नंबरचा तर नाहीच. नंबर हातात आला की घर हातात येतं, असं धम्मरत्न म्हणायचा. रोज व्हॅन उभी करताना तो तिचं तोंड भिंतीकडं करायचा. मागचा नंबर उघडा राहायचा, तिथं शीतल ओलं फडकं वाळत घालायची.

खालच्या मजल्यावर शोभाबाई राहते. खानदेशी बाई, मोठ्या आवाजाची. तिच्या नातीचा वाढदिवस व्हॅनशेजारीच साजरा झाला, फुगे व्हॅनच्या आरशाला बांधून, आणि तिनं फोटो टाकले. संध्याकाळी धम्मरत्न तिच्या दारात.

“मावशी, ते फोटो काढून टाका.”

“का रे भाऊ? पोरगी किती गोड दिसस.”

“गाडीचा नंबर दिसतोय.”

“नंबर?” शोभाबाई हसायला लागली. “तुले काय वाटस, मी काय पोलीस शे? अरे, रोज शाळेच्या दारात उभी राहते तुझी गाडी. आख्खं सुरत बघस. फोटोत पाहिलं तर काय नंबर झिजी जाई?”

“काढा ना, मावशी.”

“गाडी चोरीनी शे का? खरं सांग.”

“चोरीची नाही.”

“मग बायको चोरीनी शे.”

ती गंमत करत होती. धम्मरत्न हसला नाही. शोभाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि काही न विचारता फोटो काढून टाकले. पुढं कधी विषयही काढला नाही. पण त्या दिवसापासून वसाहतीत कुणी व्हॅनजवळ मोबाइल काढला की ती दारातून ओरडायची, “बाजूला व्हा रे, गाडीले नजर लागस.”

असं सगळं झाकून झालं होतं. झाकण्याचं काम ते घर पोट भरण्याच्या कामासारखं करत होतं, रोज, कंटाळा न करता. आणि नागनाथ तर तेच काम नोकरी म्हणून करत होता. त्याला त्यात एक समाधान होतं. बोलून दाखवण्यासारखं नव्हतं ते. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचं घर, दुसऱ्याची अब्रू आपल्या पंजाखाली घटकाभर सुरक्षित आहे, एवढंच. छगनभाई म्हणायचा, “हाथ मत हिलाओ,” आणि तो हलवायचा नाही. तोंड मात्र तो कटाक्षानं बाहेर ठेवायचा. फोटो काढल्यावर स्वतः बघायला मागायचा, काचेत, दिव्यात, कुठं आपलं तोंड उमटलंय का. छगनभाई चेष्टा करायचा, “हीरो को शरम आती है.”

तोंड कुठंच नसायचं. हाताकडं त्यानं कधी पाहिलं नाही. स्वतःच्या हाताकडं कोण पाहतं?

उन्हाळ्यातली दुपार होती. रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. छगनभाई टेबलावर पाय टाकून फोनवर बोलत होता. एका पांढऱ्या सेडानसाठी कुणीतरी महाराष्ट्रातून विचारत होतं. बोलता बोलता छगनभाईचा चेहरा उजळला. “हां, हां, हमारे यहां ही है. बहुत पुराना आदमी है. देता हूं.” त्यानं हाक मारली, “नागनाथभाई, तमारा गामवाळा छे!” आणि ह्याला कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

नागनाथ हात पुसत आला.

“नागूदा,” फोनमधून आवाज आला. “ओळखलंस का?”

त्याला नागूदा म्हणणारं जगात एकच माणूस होतं. ते माणूस तेव्हा बोबडं बोलायचं.

“मी बळीराम.”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

“गाड्या पाहायलो होतो मोबाइलवर. सुरतेकडं स्वस्त असतात म्हणे. पाहता पाहता हात दिसला. म्हणलं, हा नाग आपल्या ओळखीचा हाय. मग मागच्या गाड्या पाहिल्या, त्याच्या मागच्या पाहिल्या. सगळीकडं तूच. पाटी धरून बसायलास.” तो हसला. चांगलं हसला, आपल्या माणसाशी हसावं तसं. “फणा लई रुंद झालाय रे.”

“मालक,” नागनाथ म्हणाला. इतक्या वर्षांनी तो शब्द तोंडातून आपोआप आला, आणि आल्यावर त्याचं त्यालाच ओशाळवाणं वाटलं.

“आईला दिसेना झालंय. पार्वतीबाईचे डोळे गेले म्हणून गाव हळहळतंय. एकच म्हणती, पोरीचा आवाज तरी ऐकवा. बरी हाय ना शीतल?”

“मला माहीत नाही. ते माझ्याजवळ राहात नाहीत.”

“असू दे. आपण बसून बोलू. ती पांढरी गाडी ठेव म्हणावं शेठला. पाहायला येतो.”

फोन बंद झाला. छगनभाई खूश होता. “देखा? तुम्हारी वजह से गाहक आया.” मग त्यानं नागनाथचं तोंड पाहिलं आणि टेबलावरचे पाय खाली घेतले.

नागनाथनं त्याला सगळं सांगितलं नाही, पण पुरेसं सांगितलं. आणि म्हणाला, शेठ, ते फोटो काढून टाका. सगळे.

छगनभाई मोबाइल घेऊन बसला. एक फोटो काढला, दुसरा काढला. मग थांबला. प्रत्येक गाडीचे फोटो त्यानं दलालांच्या ग्रुपवर टाकलेले. दलालांनी पुढं टाकलेले. विकून गेलेल्या गाड्या, मोडीत निघालेल्या गाड्या, सगळ्या अजून कुठं ना कुठं फिरत होत्या, आणि प्रत्येकीच्या पुढ्यात तो हात. “नागनाथभाई, ये तो अब मेरे हाथ में नहीं है,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, जणू स्वतःलाच समजावत, “नंबर तो सब का ढका था ना.”

अमरोलीच्या पुलावरून घरी जाताना तापीत पाणी कमी होतं. नागनाथनं शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढून बटण लावलं. उकाड्यात बसमधला माणूस त्याच्याकडं बघत होता.

घरी सगळे जेवायला बसायच्या बेतात होते. त्यानं सांगितलं तसं रंभाबाईनं परात बाजूला सारली.

धम्मरत्ननं उठून दाराला कडी घातली. मग म्हणाला, “बाबा, आम्ही शोभामावशीच्या नातीचा फोटो काढायला लावला. पोरीचं नाव काचेवर टाकलं नाही. आणि तुम्ही तिकडं दुकानाचं नाव, पत्ता, फोन नंबर धरून बसले. वर स्वतःचं नाव हातावर.”

“मला काय माहीत, लेका.”

“तुम्ही रोज बघता फोटो.”

“तोंड बघत होतो मी.”

“हात काय तोडून ठेवावा का त्यानं?” रंभाबाई म्हणाली. “मागावर तोडला असता मंग. तेव्हा वाचला म्हणून तू शिकलास.”

शीतल साक्षीला मांडीवर घेऊन बसली होती. ती सासऱ्याला म्हणाली, “मामा, दादा रागावला होता का?”

“नाही. गोड बोलला. नागूदा म्हणाला.”

शीतलनं डोळे मिटले. “माझं कॉलेज बंद केलं त्या दिवशी त्यानं मला जिलेबी आणली होती,” ती म्हणाली. “स्वतःच्या हातानं भरवली. माझी पुस्तकं मागं न्हाणीच्या चुलीत जळत होती आणि तो म्हणत होता, अजून एक घे.”

“आईच्या डोळ्यांचं खरं असंल का गं?” रंभाबाईनं विचारलं.

“असंल. खरं असल्याबिगर तो सांगत नाही. खरंच सांगून बोलावतो.” ती रडली नाही. पोरीच्या कानातला मळ पदराच्या टोकानं काढत राहिली. “आईला मोतीबिंदू होताच.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते निघाले. दोन पिशव्या आणि पोर. रंभाबाई त्यांच्यासोबत, पोर लहान, शीतलला काम शोधावं लागणार. धम्मरत्न म्हणाला, “बाबा, तुम्ही पण चला.”

“माझा हात पण येईल ना बरोबर,” नागनाथ म्हणाला.

“बाही खाली ठेवा.”

“किती दिवस? आणि मी दुकानात नाही दिसलो तर ते कोसाडला येतील. दिसलो तर दुकानात बसतील. बसू दे त्यांना. कुठं जायलाव ते मला सांगू नगा. विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. काल बोललो, तर पटलं नाही त्याला.”

व्हॅन न्यायची नाही असं ठरलं. जिथं जातील तिथं नंबर प्लेटवरची पहिली अक्षरंच सांगतील, हे गुजरातचे, हे सुरतेचे. इतकी वर्षं झाकलेला नंबर आता झाकून नेण्यासारखाही राहिला नव्हता. धम्मरत्ननं किल्ली बापाच्या हातात दिली. शोभाबाई जिन्यात उभी होती. तिनं साक्षीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि रंभाबाईला म्हणाली, “कुठं चालल्या ते मले सांगू नका बरं. माझं तोंड मोठं शे.” हे ऐकून रंभाबाई हसली, आणि हसता हसता तिला जिना दिसेना.

नागनाथ त्यांच्याबरोबर स्टेशनवर गेला नाही. रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो उभा राहिला. रिक्षाच्या मागं कुणाचं तरी नाव लिहिलेलं होतं, ते त्यानं वाचलं आणि लगेच विसरायचा प्रयत्न केला.

व्हॅन त्यानं छगनभाईच्या दुकानात आणली. मागचा भाग शेडच्या कडेच्या भिंतीला इतका चिकटवून लावला की फटीत बोटही जाऊ नये. पुढच्या नंबरसमोर एक टायर टेकवून ठेवला; त्या नंबरावर नोंद अजून धम्मरत्नच्या नावाची आणि मोबाइलची होती. तिची किंमत होईल ती धम्मरत्नला कशी पोचवायची, हे त्यालाही माहीत नव्हतं. पोचवायला पत्ता लागतो.

बळीराम आला तो भर सकाळी. एकटाच दुकानात आला. बाकीचे रस्त्यापलीकडं गाडीत बसून राहिले. गाडीची नंबर प्लेट स्वच्छ पुसलेली, हिंगोलीची. तिच्यावर धूळसुद्धा नव्हती. एवढा लांबचा रस्ता कापून आल्यावर कुणीतरी मुद्दाम उतरून ती पुसली होती.

तो आता जाड झाला होता, कानांवर केस पांढरे. त्यानं छगनभाईला नमस्कार केला, पांढरी सेडान पाहिली, बॉनेट उघडून इंजिन पाहिलं, दार दोनदा आपटून पाहिलं. मग नागनाथपुढं येऊन उभा राहिला. नागनाथची बाही वर होती. ती त्यानं सकाळीच वर केली होती आणि खाली घेतली नव्हती.

बळीरामनं बोट पुढं केलं आणि नागाच्या शेपटीपासून फण्यापर्यंत फिरवलं. हळू, मध्ये न उचलता.

“तसाच हाय,” तो म्हणाला. “कुठं हायत ती?”

“माहीत नाही.”

“हे खरं हाय,” बळीराम त्याच्याकडं बघत म्हणाला. “खरं बोलताना तुझं तोंड असंच होतं.” त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. “काही घाई नाही, नागूदा. बापाला भेटायला कधीतरी येतीलच की. पोरगं हाय ते. आज नाही तर दिवाळीला. तू तर कुठं जात नाहीस.”

“नाही.”

“मग झालं.”

नागनाथला तेव्हा कळलं की आपण बळीरामला इथं अडकवून ठेवलं असं जे वाटत होतं, ते तसं नव्हतं. अडकवून ठेवलेला तो होता. दाव्याला बांधलेल्या शेळीसारखा, वाघाला लांबून दिसेल असा. आता पोरानं यायचं नव्हतं. आजारपणात नाही, मेल्यावरही नाही. उरलेल्या आयुष्यात त्याला एकच गोष्ट मागायची होती, की आपल्या पोराला आपली आठवण येऊ नये.

बळीरामची नजर फिरत फिरत व्हॅनवर आली. “ही कुणाची?”

छगनभाई हिशेबाच्या कागदातून वर न बघता म्हणाला, “पार्टी है एक. उधना की.”

“नंबर कामून झाकलाय?”

“फोटो काढायचाय,” नागनाथ म्हणाला. 

आणि तो उठला. टायर बाजूला घेताना त्यानं पाटी पुढं केली, टायर आणि पाटी यांच्यामध्ये उजेड पडू न देता. बंपरच्या कडेला उकिडवा बसला. हात लांब केला. छगनभाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग मोबाइल घेऊन उभा राहिला.

“बांय नीचे कर लो, नागनाथभाई,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

“असू द्या.”

“बाजू में रस्ते पे खडी इनकी गाडी भी फोटो में आ रही है.” छगनभाई बळीरामला म्हणाला, “तुम्हारा नंबर दिखेगा. हटाने को बोलूं?”

“दिसू द्या,” बळीराम खुर्चीतून म्हणाला. “आम्हाला काय झाकायचंय?”

छगनभाईनं फोटो काढला. पुन्हा एक काढला. व्हॅनच्या उजव्या अंगानं काढला, डाव्या अंगानं काढला. सूर्य वर आला. पाटीखाली प्लेट तापली होती आणि तिचे उठावाचे अंक नागनाथच्या बोटांना लागत होते, एकेक, ओळीनं. छगनभाईजवळ काढण्यासारखा फोटो उरला नाही. त्यानं मोबाइल खिशात घातला आणि टेबलाकडं गेला.

नागनाथ उठला नाही. बळीरामनं चहा मागवला, दोन सांगितले. एक त्याच्यासाठी.

“ये, चहा घे,” तो म्हणाला.

“पिईन,” नागनाथ म्हणाला, आणि हात हलवला नाही.